४ टीबीची डिस्क, दिसते फक्त १.६३ टीबी! दुकानदाराने फसवलं की माझंच काही चुकतंय?

जीरावण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय.

आमच्या काकांना चित्रीकरणाचा भारी नाद. गल्लीतला गणपती, घरातल्या मुंजी, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), एकही सोडलेलं नाही. मिनीडीव्हीच्या (कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेट) एकूण १३० टेप आहेत. त्यातल्या ७० मी गेल्या वर्षभरात संगणकावर उतरवल्या. एका तासाच्या टेपला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे ९०० जीबी तिथेच झाले. उरलेल्या ६० टेपसाठी सिल्व्हर मॉलमधून नवी ४ टीबीची हार्ड डिस्क आणली. ३.५ इंची, डेस्कटॉपची.

घरी डॉक होता (डिस्क वरून उभी खोचायची तो, २०१०च्या सुमाराचा), त्यात लावली, फॉरमॅट केली आणि रात्रभर कॉपी लावून झोपलो. सकाळी सहज प्रॉपर्टीज उघडून पाहतो तर एकूण जागा १.६३ टीबी! डिस्कवरच्या स्टिकरवर ठळक ४ टीबी लिहिलंय. दुकानात फोन केला तर म्हणे, "भिया, कंपनी से ही थोड़ी कम आती है." थोडी? अर्ध्याहून जास्त गायब आहे.

डिस्क परत करू का? बिल आहे.

गेरवाला

अर्ध्याहून जास्त खाल्ली? एवढं तर सराफ्यात (आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) रात्री बारा वाजता पण कोणी खात नाही भिया.

शून्य_शिल्लक

दुकानदार अर्धा खरा बोलतोय. कंपनी टीबी मोजते हजाराच्या पटीत आणि विंडोज मोजतं १०२४च्या पटीत. त्यामुळे १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ५०० वाली ४६५. यात चोरी कोणाचीच नाही, गज आणि मीटरचा घोटाळा आहे. मॅकने २००९च्या स्नो लेपर्डपासून हजाराने मोजायला सुरुवात केली, तिथे हीच डिस्क पूर्ण दिसते.

पण या हिशोबाने तुमची ४ टीबी ३.६३ दिसायला हवी. १.६३ नाही.

झटपट_राव

अहो, हे एमबीआर-जीपीटीचं (डिस्कवरच्या पार्टिशनांची, म्हणजे तुकड्यांची, नोंद ठेवणारा जुना आणि नवा तक्ता) नेहमीचं रडगाणं आहे. विंडोजचं डिस्कपार्ट (कमांड टाइप करायचं साधन) उघडा, क्लीन मारा म्हणजे जुना तक्ता पुसला जाईल, कन्व्हर्ट जीपीटी मारा. दोन मिनिटांचं काम. धागा कसला काढताय!

मास्तर_५१२

झटपटराव, हात जरा आवरा. जीरावण, कृपया अजून काहीही क्लीन करू नका. आधी तीन गोष्टी सांगा.

विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून तिथला जीबीतला आकडा दशांशासकट लिहा. टीबीतला नको. त्या डिस्कसमोर अनअलोकेटेड (न वाटलेली जागा) अशी काळी पट्टी दिसते का, तेही पाहा. आणि रात्रभर जे कॉपी केलंत, त्याची दुसरी प्रत अजून कुठे आहे का?

जीरावण

मास्तर, आकडा १६७८.०२ जीबी. काळी पट्टी अजिबात नाही, अख्खी डिस्क एकच निळा तुकडा.

तिसऱ्या प्रश्नाने पोटात गोळा आला. माल दोन जुन्या डिस्कवर होता. १ टीबीवाली जशीच्या तशी आहे. पण ५०० वाली काल सकाळीच भाचीला दिली, आणि तिने कॉलेजच्या कामासाठी लगोलग फॉरमॅट करून वर काही भरलंही. म्हणजे जवळपास ३८० जीबी आता फक्त या नव्या डिस्कवर आहेत. त्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे.

गेरवाला

झटपटरावांचं ऐकलं असतं तर सहस्रचंद्राला ग्रहण लागलं असतं.

झटपट_राव

मला काय स्वप्न पडलं होतं का डेटा आहे म्हणून? लिहायला हवं ना आधी.

मास्तर_५१२

१६७८.०२ म्हणालात, त्यात सगळं आलं.

तुमच्या डिस्कची खरी क्षमता विंडोजच्या मोजणीने ३७२६.०२ जीबी. त्यातून २०४८ वजा करा. १६७८.०२ उरतात. दशांशापर्यंत जुळतं. म्हणजे डिस्क खोटी नाही, बिघडलेलीही नाही. बरोबर २०४८ जीबीचं एक अख्खं वेटोळं मोजणीतून गळलंय.

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर आठवा. पाच आकडे. ९९९९९ झाले की पुढे ०००००. स्कूटर लाखावर पळालेली असते पण मीटर म्हणतो ३२ किलोमीटर. तुमच्या डॉकमधल्या चिपचा मीटर ३२ बिटांचा आहे. डिस्क ५१२ बाइटच्या सेक्टरांत, म्हणजे छोट्या कप्प्यांत, मोजली जाते आणि ३२ बिटांत साधारण ४२९ कोटी सेक्टर मावतात, म्हणजे २०४८ जीबी. तुमच्या डिस्कवर ७८१ कोटींहून जास्त सेक्टर आहेत. मीटर एकदा पूर्ण फिरला आणि पुन्हा शून्यापासून मोजत १६७८वर थांबला. ३ टीबीची डिस्क अशा डॉकात लावली तर ७४६ जीबी दिसते. हा आकडा कुठेही दिसला की कारण हेच समजा, डॉक नाहीतर जुनाट साटा (पीसीच्या आतल्या डिस्कच्या जोडणीचा) ड्रायव्हर.

नुसतं एमबीआर आडवं आलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं: २०४८ जीबी वापरता येतात आणि पुढे १६७८ची काळी पट्टी लटकत राहते, जिच्यावर राइट क्लिक केलं तरी सगळे पर्याय फिके. म्हणून पट्टीचं विचारलं. एमबीआरच्या तक्त्यातही सेक्टरांसाठी ३२च बिटं आहेत. १९८३च्या डॉस २.० पासूनची रचना आहे ती. तेव्हा घरगुती पीसीला १० एमबीची डिस्क म्हणजे चैन होती.

आता एवढंच करा. डॉक बाजूला ठेवा, डेस्कटॉप बंद करून डिस्क थेट आतल्या साटा केबलला लावा. काय दिसतं ते इथे लिहा. विंडोजने इनिशियलाइज किंवा फॉरमॅट असं काही विचारलं तर कॅन्सल.

जीरावण

धन्यवाद मास्तर, जीव भांड्यात पडला. पण माझा डेस्कटॉप म्हातारा आहे, विंडोज ७, बायोसही (पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) जुनं निळ्या पडद्याचं. चालेल का?

मास्तर_५१२

चालेल. विंडोज ७ जीपीटी डिस्क माल ठेवायला बिनतक्रार घेतं. त्या डिस्कवरूनच विंडोज सुरू करायचं असेल तर यूईएफआय (बायोसची नवी पिढी) लागतं, तुमचा तो बेत नाही. अडतं ते ३२ बिटी एक्सपीला, त्याला जीपीटी वाचताच येत नाही.

निमूटपणे

मध्येच घुसतेय, माफ करा. माझ्या जुन्या पीसीतली १ टीबीची डिस्क एके दिवशी ३२ एमबी दिसायला लागली. टीबी नाही, जीबी नाही, एमबी. बायोसमध्येसुद्धा तेवढीच. हापण मीटर फिरला का?

मास्तर_५१२

नाही ताई, तुमचा आजार निराळा. डिस्कला स्वतःची क्षमता कमी करून सांगायची सोय असते, तिला एचपीए म्हणतात, होस्ट प्रोटेक्टेड एरिया. शेवटचे सेक्टर झाकून ठेवायचे आणि तिथे बायोसची प्रत वगैरे लपवायची, असा मूळ हेतू. काही जुन्या मदरबोर्डांचं बायोस हे करताना गडबडायचं आणि शेवटचा कोपरा झाकण्याऐवजी पहिला कोपरा सोडून बाकी सगळी डिस्क झाकायचं. बोर्डाचं नाव इथे लिहू नका, उगाच भांडणं होतात.

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून एचडीपार्म ही कमांड चालवा, मोठा एन हा पर्याय. दोन आकडे येतात: आत्ता दिसणारे सेक्टर आणि खरे सेक्टर. १ टीबीच्या डिस्कसाठी दुसरा आकडा बहुधा १९५३५२५१६८ असेल. त्याच कमांडने खरा आकडा परत बसवता येतो, पण डिस्क साटालाच लावलेली हवी, पुष्कळ यूएसबी डॉक या कमांडा पुढे जाऊच देत नाहीत. आकडा हाताने टाइप करू नका, स्क्रीनवरूनच उचला. डेटा झाकलेल्या भागात बहुतेक तसाच असतो.

टक्स_आजोबा

एचडीपार्मचं नाव निघालं म्हणून जागा झालो. लिनक्सवाल्यांची एक वेगळी "गायब जागा" असते, तीही नोंदवून ठेवतो. ईएक्सटी४ (लिनक्सचा नेहमीचा फॉरमॅट) केलं की पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखीव. ४ टीबीवर ते २०० जीबीच्या आसपास होतात! मुख्य डिस्कवर ते शहाणपणाचं आहे. नुसती लग्नाची चित्रफीत ठेवायच्या डिस्कवर कशाला हवंत? ट्यून२एफएस या कमांडला छोटा एम देऊन एक टक्क्यावर आणा, डेटाला धक्का लागत नाही.

जीरावण

लावली! घाम फुटला. केबल इतकी आखूड की केस आडवी करून डिस्क पुठ्ठ्यावर ठेवावी लागली. सगळ्या फाइली दिसतायत, सहस्रचंद्रदर्शन उघडून पाहिलं, आजी ओवाळून घेतेय.

पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये आता तीन तुकडे आलेत:

निळा १६७८.०२ जीबी
काळा ३६९.९८ जीबी
काळा १६७८.०२ जीबी

मास्तर, १६७८.०२ दोनदा का? डिस्क स्वतःचीच नक्कल दाखवतेय की काय? आणि मधल्या तुकड्यावर राइट क्लिक चालतं, शेवटच्यावर नाही.

मास्तर_५१२

असं चित्र क्वचितच बघायला मिळतं, जपून ठेवा. दोन्ही आजार एकाच डिस्कवर शेजारी शेजारी बसलेत.

पहिले १६७८ म्हणजे डॉकने सांगितलेली खोटी क्षमता. तेवढंच पार्टिशन तुम्ही केलंत. मधले ३६९.९८ म्हणजे तिथून २०४८च्या कुंपणापर्यंतची जागा, ती एमबीआरच्या हद्दीत आहे म्हणून क्लिक चालतं. शेवटचे १६७८ कुंपणापलीकडचे, कारण डॉकमधून फॉरमॅट करताना डिस्क एमबीआर झाली. दोन्ही आकडे ३७२६.०२ वजा २०४८ या एकाच वजाबाकीतून आलेत, म्हणून सारखे. तिन्हींची बेरीज करून पाहा.

आता जीपीटी करायला हवं. विंडोजचा स्वतःचा पर्याय डिस्क रिकामी असेल तरच चालतो. आत पार्टिशन असताना तो फिकाच राहणार.

टक्स_आजोबा

रिकामी कशाला करायची? जीडिस्क नावाच्या प्रोग्रामने एमबीआरचं जीपीटी जागच्या जागी होतं. तक्ता बदलतो, माल हलत नाही. पार्टिशन सेक्टर २०४८ पासून सुरू होत असणार, म्हणजे पुढे जागा आहे, आणि मागे तर आख्खं मैदान मोकळं. डब्ल्यू दाबलं की काम फत्ते. मग विंडोजमध्ये एक्स्टेंड.

मास्तर_५१२

आजोबा, तुमचं तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. मी स्वतः चारपाचदा केलंय. पण एकुलती एक प्रत असलेल्या डिस्कवर मी ते करणार नाही, आणि दुसऱ्याला तर नाहीच सांगणार. मध्येच वीज गेली तर?

टक्स_आजोबा

यूपीएस नावाची वस्तू असते.

मास्तर_५१२

आणि यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली ते कोणालाच आठवत नसतं.

जीरावण, कोणाकडून तरी ५०० जीबीची डिस्क दोन दिवस उसनी घ्या. ४६५ दिसतील, तुमचे ३८० मावतात. बाकीचं जुन्या १ टीबीवर आहेच.

लष्करकर

ग्वाल्हेरहून रामराम. झटपटरावांच्या डिस्कपार्टबद्दल एक कबुलीजबाब. तीन वर्षांपूर्वी मी लिस्ट डिस्क केलं, सिलेक्ट डिस्क २ ऐवजी सिलेक्ट डिस्क १ टाइप केलं आणि क्लीन मारलं. डिस्कपार्ट "खरंच का?" असं विचारत नाही. एका सेकंदात उत्तर: डिस्क साफ केली. ज्या डिस्कवर विंडोज चालू असतं ती साफ करायला तो नकार देतो, पण शेजारच्या डिस्कचा तो कोणी लागत नाही. बायकोच्या पीएचडीचा डेटा होता.

नशीब म्हणजे साधं क्लीन फक्त पार्टिशनचा तक्ता पुसतं, आतला माल नाही. टेस्टडिस्क नावाच्या सॉफ्टवेअरने चार तासांत पार्टिशन परत उभं केलं. क्लीन ऑल मारलं असतं तर अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली गेली असती आणि मी आज हे माहेरून... नाही, माहेर तिचं आहे. मी कुठून लिहिलं असतं देव जाणे.

तेव्हापासून क्लीन मारायच्या आधी बाकी सगळ्या डिस्कच्या केबली काढतो.

बडोद्याची_मावशी

डॉकवरून आठवलं. आमच्याकडे याच्या उलटं झालं होतं, तेही वाचून ठेवा.

मिस्टरांची ४ टीबीची बाहेरची डिस्क, म्हणजे प्लास्टिकच्या डबीतली. डबीचा यूएसबीचा खाचा मोडला. म्हटलं आतली डिस्क काढून थेट पीसीला लावू. लावली, तर विंडोज म्हणे ही फॉरमॅट केलेलीच नाही, करू का? मिस्टर "हो" दाबणार तेवढ्यात मुलाने हात धरला.

त्याने सांगितलं ते असं. काही डब्या हे २ टीबीचं कुंपण टाळायला विंडोजला सेक्टर ५१२चे न सांगता ४०९६ बाइटचे सांगतात. सेक्टर आठपट मोठा, म्हणून तेवढ्याच ३२ बिटांत १६ टीबी मावतात आणि एमबीआर असूनही एक्सपीलासुद्धा पूर्ण डिस्क दिसते. पण डबी काढली की डिस्क पुन्हा ५१२ने मोजायला लागते आणि तक्त्यातले सगळे पत्ते चुकतात. घर तिथेच, पत्त्यावरचा घरनंबर दुसऱ्याच पद्धतीचा.

आम्ही त्याच जातीची जुनी डबी शोधून आणली आणि सगळं दिसलं.

टक्स_आजोबा

मावशी, डबी मिळाली नसती तरी चाललं असतं. लिनक्समध्ये लोसेटअप या कमांडला सेक्टर-साइज ४०९६ सांगून तीच डिस्क वाचता येते. पण मुलगा हुशार आहे, त्याला माझा आशीर्वाद.

शून्य_शिल्लक

तुम्हा सगळ्यांची जागा कमी दिसते. माझ्या मेहुण्याने ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी घेतली, दोन हजारांच्या आत. दिसते पूर्ण १६ टीबी! काय नशीब बघा.

मास्तर_५१२

मेहुण्यांना म्हणावं त्यावर काही ठेवू नका. आत बहुधा ६४ जीबीचं मेमरी कार्ड आणि खोटी क्षमता सांगणारी चिप असते. फाइली "कॉपी झाल्या" असं दिसतं, नावंही दिसतात, पण खरी जागा संपल्यावर पुढचं सगळं हवेत जातं नाहीतर आधीच्या मालावर बसतं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून परत वाचून दाखवतं, ते चालवा. परत करायची मुदत संपायच्या आत चालवा.

शून्य_शिल्लक

चालवलं. ५८ जीबीनंतर सगळं लाल. मेहुणा गप्प आहे. घरात शांतता आहे.

निमूटपणे

मास्तर, एचडीपार्मने झालं! पहिल्यांदा परवानगी नाही म्हणाला, पीसी पूर्ण बंद करून डिस्क दुसऱ्याच मशीनला लावली तेव्हा ऐकलं. ३२ एमबीचे ९३१ जीबी. सगळे फोटो जागेवर. त्या जुन्या बोर्डाला मात्र ती पुन्हा लावणार नाही.

जीरावण

दोन दिवसांनी येतोय. शेजारच्या दादांकडून ५०० जीबी उसनी आणली (बदल्यात त्यांच्या मुलाच्या मुंजीची टेपही उतरवून द्यायचं कबूल केलंय, म्हणजे १३१). ३८० जीबी तिथे कॉपी केले. मास्तरांनी निरोपात सांगितलं होतं तसं नुसत्या आकारावर समाधान मानलं नाही, फाइलींची संख्या जुळवली आणि प्रत्येक फोल्डरातली एखादी फाइल शेवटपर्यंत पळवून पाहिली. एका टेपच्या शेवटी काकू कॅमेऱ्याकडे बघून "आता बंद कर तो" म्हणतात, तिथपर्यंत.

मग लष्करकरांचं स्मरण करून बाकी सगळ्या केबली काढल्या. लिस्ट डिस्क, तीनदा वाचलं, सिलेक्ट, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. नवीन व्हॉल्यूम. आणि:

३.६३ टीबी.

१.६३ होतं, ३.६३ झालं. मधले बरोबर दोन. पहिल्याच दिवशी या दोन आकड्यांकडे नीट बघितलं असतं तर दुकानदाराला फोनवर इतकं बोललो नसतो. उद्या जाऊन त्याला सांगून येईन.

फक्त एक शंका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ३७२५.९० जीबी दिसतं, ३७२६.०२ नाही. आता ०.१२ कुठे गेले? सवय लागलीये मला.

मास्तर_५१२

जीपीटी करताना विंडोज स्वतःसाठी १२८ एमबीचा एक राखीव तुकडा काढतं, डिस्क मॅनेजमेंट तो दाखवत नाही. तेवढं सोडा त्याला.

डॉक फेकू नका. २ टीबी आणि त्याखालच्या डिस्कला तो उत्तम आहे. पण ही ४ टीबी आता चुकूनही त्यात लावू नका. त्याला ती फॉरमॅट न केलेली वाटेल, विंडोज फॉरमॅट करू का विचारेल, आणि घरातलं कोणीतरी "हो" म्हणेल.

झटपट_राव

शेवटी क्लीन आणि कन्व्हर्ट जीपीटीच केलं ना? हेच तर मी म्हणत होतो.

गेरवाला

राव, तुम्ही उत्तर बरोबर दिलंत, फक्त दोन दिवस आधी.

जीरावण

डॉकवर पांढरी पट्टी चिकटवून स्केचपेनने ठळक लिहिलं: "२ टीबीच्या वर लावू नये." काका दुपारी चहाला आले, चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "अरे, टीबी वर असो की खाली, डॉक्टरला दाखवलंस का?"

बाकी ६० टेप आजपासून सुरू.